जनरल हिवाळा आणि इतर लोणकढ्या

गोदाकाठ (धागालेखक)

रशियाबद्दल हिरिरीने बोलणारी माणसं आपल्याकडे साधारण दोन गोत्रांची. एक गोत्र प्रगती आणि रादुगा या सोव्हिएत प्रकाशनांच्या स्वस्त, सुबक पुस्तकांवर वाढलेलं. दुसरं हॉलिवूडवर. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण एका मुद्द्यावर एकमत असतं: रशियाला तिथला हिवाळा वाचवतो. नेपोलियन गेला तो थंडीने, हिटलर गेला तोही थंडीने. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून तर टीव्हीवरचे संरक्षणतज्ज्ञ थंडी पडू लागली की 'जनरल हिवाळा' बाहेर काढतात.

आधी नेपोलियनचं प्रकरण घेऊ. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली काढलेला नकाशा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मॉस्कोकडे जाणाऱ्या सैन्याचा जाडजूड फिकट पट्टा, परतीचा काळा आणि बारीक होत होत सुतासारखा झालेला. रशियाच्या सरहद्दीवरची नीमन नदी ओलांडताना माणसं ४,२२,०००. मॉस्कोत १,००,०००. परत नीमनवर १०,०००. आता तारखा बघा. नीमन ओलांडली २४ जून १८१२ ला, मॉस्कोत शिरले १४ सप्टेंबरला. म्हणजे चार लाखांचे एक लाख झाले ते भर उन्हाळ्यात! काही तुकड्या वाटेतल्या ठाण्यांवर आणि बगलांवर ठेवल्या होत्या, बोरोदिनोच्या लढाईत हजारो पडले, हे सगळं खरं. पण त्या वजावटीनंतरही फार मोठा आकडा उरतो. ती माणसं उकाड्याने, धुळीने, घाणेरड्या पाण्याने, हगवणीने आणि टायफसने गेली, किंवा सरळ पळाली. जूनअखेरच्या एका वादळी पावसात हजारो घोडे मेले. कोवळा ओला चारा खाऊन आणखी मेले. घोडे गेल्यावर रसदीच्या गाड्या मागे पडल्या, आणि पुढे गेलेल्या सैन्याच्या पोटात काही पडेना.

याच नकाशात एक गंमत आहे. मिनारने खाली तापमानाची रेघ काढली आहे, पण ती फक्त परतीच्या प्रवासाची. जातानाचा उकाडा, पाऊस, चिखल यांची रेघच नाही. त्यामुळे बघणाऱ्याची नजर काळा पट्टा आणि उतरता पारा यांची सांगड घालून मोकळी होते. ती रेघ नीट वाचली तरी १८ ऑक्टोबरला पारा शून्यावर आहे, २४ ला पाऊस, आणि उणे ९ दिसतो तो ९ नोव्हेंबरला. तोवर मॉस्कोहून निघालेलं सैन्य जवळपास निम्म्यावर आलं होतं.

मग थंडीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली कुणी? खुद्द बादशहाने! ३ डिसेंबर १८१२ चं २९ वं बुलेटिन, म्हणजे सैन्याचं अधिकृत पत्रक, नेपोलियनने काढलं. त्यात म्हटलंय की ६ नोव्हेंबरपर्यंत हवामान उत्तम होतं, ७ तारखेपासून थंडी सुरू झाली आणि मग घोडे गेले, तोफा गेल्या, सगळंच गेलं. शेवटचं वाक्य कळस आहे: बादशहांची प्रकृती यापेक्षा चांगली कधीच नव्हती. दोन दिवसांनी ही ठणठणीत प्रकृती सैन्याला वाऱ्यावर सोडून पॅरिसकडे निघाली. तिकडे लंडनच्या व्यंगचित्रकारांनी त्याच डिसेंबरात 'जनरल फ्रॉस्ट' छोट्या बोनीची, म्हणजे नेपोलियनची, हजामत करताना दाखवला. म्हणजे हरणाऱ्याला सबब मिळाली आणि इंग्रजांना विनोद मिळाला. चिडले ते रशियन. देनिस दाविदोव हा कवी आणि गनिमी तुकड्यांचा म्होरक्या, स्वतः त्या मोहिमेत लढलेला. त्याने १८३५ साली एक निबंधच लिहिला, ज्याचं शीर्षक होतं की १८१२ मध्ये फ्रेंच सैन्याचा नाश खरंच थंडीने केला का.

या विषयात मी एक कसोटी लावतो. गोष्ट कानावर आली की ती पहिल्यांदा कोणी सांगितली आणि त्यात त्याचा काय फायदा होता, हे आधी शोधायचं. तुमच्याकडे रशियाबद्दलच्या अशा काही लोणकढ्या असतील तर टाका इथे. कसोटीला लावू.

चिंचगूळ

मस्त धागा. तो नकाशा आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी वर्गात दाखवला होता. खालची रेघ एकाच बाजूची आहे हे सरांसकट कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

नेपोलियनचं पटलं. पण हिटलरचं काय? मॉस्कोच्या दारात जर्मन सैनिक गोठले हे तर फोटोत दिसतं.

हिशेबनीस

चिंचगूळ, फोटो खरे आहेत. त्यांच्या आधीची वही तपासायला हवी. माझा जन्म मालवाहतुकीत गेला, म्हणून मी रुळांपासून सुरू करतो.

सोव्हिएत रूळ १५२४ मिलिमीटरचे, जर्मन १४३५ चे. आपल्या ब्रॉडगेज आणि जुन्या मीटरगेजसारखा भेद, फरक कमी पण अडचण तीच: तुमची गाडी त्यांच्या रुळावर चालत नाही. २२ जून १९४१ ला हल्ला झाला, आणि पुढे सरकणाऱ्या फौजेच्या मागे रेल्वेवाले एकेक रूळ उखडून आत ठोकत चालले. तेवढ्याने भागत नाही. पाण्याच्या टाक्या आणि कोळशाचे साठे सोव्हिएत इंजिनांच्या पल्ल्याने ठेवलेले होते, जर्मन इंजिनांचा पल्ला कमी. त्यात फौजेचा मोठा भाग घोड्यांवरच होता. चित्रपटांत आपल्याला रणगाडेच दिसतात, पण हिटलरने सहा लाखांवर घोडे आत नेले होते. मग ऑक्टोबरात चिखल. कच्च्या रस्त्यांवर चाकं आसापर्यंत रुतत.

गरम कपड्यांचीही गोष्ट रेल्वेचीच आहे. मुळात युद्ध शरद ऋतूत आटोपणार आणि थोडी फौज फक्त पहाऱ्याला राहणार, असा हिशेब धरून कपड्यांची मागणी लावली होती. जे कपडे होते तेही मागे यार्डात पडून राहिले, कारण ज्या थोड्या गाड्या पुढे जात होत्या त्यांत दारूगोळ्याला आणि पेट्रोलला आधी जागा. नोव्हेंबर संपेस्तोवर जर्मनांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सात लाखांच्या वर गेले होते. ५ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला तेव्हा समोरची फौज आधीच खिळखिळी होती. थंडीने तिला शेवटचा धक्का दिला.

आणि हिवाळा रशियाचा घरचा जनरल असेल तर १९३९-४० च्या हिवाळ्यात तो फिनलंडच्या बाजूने कसा लढला? सुओमुसाल्मीजवळच्या जंगलात सोव्हिएत डिव्हिजन रस्त्यावर तुकड्या तुकड्यांत अडकल्या आणि संपल्या. साडेतीन महिन्यांच्या त्या युद्धात सोव्हिएत मृतांचा आकडा सव्वा लाखाच्या आसपास जातो.

कट्ट्यावरचा

हे सगळं वाचून पानिपत आठवलं. तिथेही रसद तुटली, उपासमार, आणि आपण मात्र 'संक्रांत कोसळली' म्हणून नशिबाला बोल…

गोदाकाठ

कट्ट्यावरचा, हात जोडतो. मराठी आंतरजालावरचा प्रत्येक धागा पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत पानिपतावर पोचतो, तू तिसऱ्यालाच पोचवलास. वेगळा धागा काढ, मी स्वतः येतो भांडायला.

एक_तर्कटी

गोदाकाठ, तुमची कसोटी चांगली आहे पण तुम्ही लंबक दुसऱ्या टोकाला नेताय. त्याच मिनारच्या रेघेवर ६ डिसेंबरला उणे ३० आहे. आणि ते रेओम्यूर मापात, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये उणे ३७ च्याही खाली. त्या हवेत उघड्यावर रात्र काढणारा माणूस टायफसने मेला की थंडीने, याची चौकशी करत बसायची का? नेपोलियनने सबब सांगितली म्हणून थंडी खोटी ठरत नाही.

गोदाकाठ

तर्कटीबुवा, थंडी खोटी आहे असं मी म्हटलेलंच नाही. हजारो माणसं गोठून मेली. माझा वाद आहे तो क्रमाशी. थंडी आली तेव्हा समोर सैन्य उरलं होतं का?

बेरेझिना नदीचं उदाहरण घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीस नेपोलियन तिथे पोचला तेव्हा हवा मध्येच ऊबदार झाली होती आणि नदीवरचा बर्फ फुटला होता. नदी कडक गोठलेली असती तर अख्खं सैन्य तोफांसकट चालत पलीकडे गेलं असतं. त्याऐवजी जनरल एब्लेच्या माणसांना छातीभर पाण्यात उभं राहून, वाहत्या बर्फाच्या लाद्या अंगावर घेत, लाकडी पूल बांधावे लागले. त्यातली बहुतेक माणसं नंतर वाचली नाहीत. मोहिमेतला सगळ्यात भीषण प्रसंग ओढवला तो थंडी कमी पडल्यामुळे!

घोड्यांच्या नालांचंही तसंच. बर्फावर चालायला नालांना टोकदार खिळे लागतात. पोलिश घोडदळाने ते मारून घेतले होते, बाकी बहुतेकांनी नाही. घोडा घसरून पडला की उठत नसे, आणि पडला की तासाभरात त्याचं मांस झालेलं असे. आता हे खापर कुणावर फोडायचं, हिवाळ्यावर की मॉस्कोत ३५ दिवस झारच्या उत्तराची वाट बघत बसलेल्या माणसावर? उत्तर आलंच नाही, हे वेगळं. आणि रशियन सेनापती कुतुझोवचं सैन्यही पाठलाग करता करता निम्म्याहून कमी उरलं. थंडीला गणवेश ओळखता येत नव्हता.

तळटीप

टायफसला पुरावा आहे. २००१ मध्ये व्हिल्नियसला बांधकामासाठी खोदताना माघारीतल्या सैनिकांची मोठी सामूहिक कबर सापडली, तीन हजारांवर सांगाडे. नंतर तिथल्या दातांची आणि मातीतल्या उवांची तपासणी झाली, तेव्हा टायफस आणि ट्रेंच फीव्हर दोन्हींचे अंश मिळाले. हे आजार उवांमधून पसरतात. थंडीत माणसं अंगावरचे कपडे काढत नाहीत, एकमेकांना चिकटून झोपतात, उवांना मोकळं रान मिळतं. म्हणजे तर्कटीबुवांच्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही कारणं एकाच कांबळ्यात होती.

लालभाई_ठाणे

धागा आवडला पण एक शंका येते. यादी कितीही निष्पक्ष म्हणून सुरू झाली तरी गाडी शेवटी ऑक्टोबर क्रांतीवरच घसरते. तेव्हा मीच आधी सांगून टाकतो. लेनिनने झारशाही उलथली हा इतिहास आहे, त्याला लोणकढी म्हणू नये.

तळटीप

लालभाई, राग मानू नका, पण तीच तर सगळ्यात मोठी आहे. झार निकोलस दुसरा गादी सोडून गेला १५ मार्च १९१७ ला. तेव्हा लेनिन झुरिकमध्ये होता. तो पेत्रोग्रादला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) पोचला एप्रिलच्या मध्यावर, जर्मनी ओलांडायला जर्मनांनीच दिलेल्या आगगाडीच्या मदतीने. झारशाही उलथवली ती फेब्रुवारी क्रांतीने, आणि तिची ठिणगी पडली ८ मार्चला, महिला दिनी, कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या तेव्हा. त्यांच्यामागे पुतिलोव कारखान्याचे कामगार आले आणि शेवटी छावणीतले सैनिक फिरले. नोव्हेंबरात बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, जे उलथवलं ते झारनंतर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार. (तेव्हाचं रशियन कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं, म्हणून मार्चातली ती 'फेब्रुवारी' क्रांती आणि नोव्हेंबरातली 'ऑक्टोबर'.) आपल्या गाईडांमध्ये दोन्ही क्रांत्या एका परिच्छेदात उरकतात, त्यामुळे मध्ये आठ महिने गेले हेच कळत नाही.

हंगामी सरकार बसायचं त्या पेत्रोग्रादच्या हिवाळी राजवाड्यावरचा तो हल्ला आठवतोय? चौकातून धावणारी गर्दी, कित्येक पुस्तकांत 'ऑक्टोबर १९१७' म्हणून छापलेला फोटो? तो १९२० सालच्या वर्धापनदिनाच्या नाट्यप्रयोगाचा आहे. दिग्दर्शक निकोलाय येव्रेइनोव, हजारो कलाकार, प्रेक्षक त्याहून कितीतरी जास्त, आणि जागा तीच. मग दहाव्या वर्धापनदिनासाठी आयझेनस्टाइनने चित्रपट केला आणि प्रत्येकाच्या डोक्यात तीच दृश्यं कायमची बसली. प्रत्यक्षात त्या रात्री राजवाड्यात कॅडेट, महिला पलटणीची एक तुकडी आणि थोडे कोसॅक उरले होते. कित्येक जण आधीच घरी गेले होते. 'अव्रोरा' जहाजाने उडवलेली ती प्रसिद्ध तोफ रिकामी होती. माणसं मेली ती बोटांवर मोजण्याइतकी.

लालभाई_ठाणे

तारखा मला माहीत आहेत हो. रक्त कमी सांडलं हा दोष कधीपासून झाला? आणि रिकामी तोफ उडवून सत्ता मिळते म्हणजे समोरचं सरकार किती पोकळ होतं ते बघा. पेत्रोग्रादच्या कामगारांचा आणि छावणीचा पाठिंबा बोल्शेविकांना होता म्हणूनच ते झालं. आता तुम्ही त्याला 'चार लोकांचा कट' म्हणाल, तर ती पश्चिमेची लोणकढी.

तळटीप

इथे मी तुमच्या बाजूने. 'चार लोकांचा कट' हे अर्धवटच. शहरांत आणि उत्तरेच्या आघाडीवरच्या सैनिकांत त्यांचं बळ खरं होतं. पण देशभराचा हिशेबही आहे. त्याच नोव्हेंबरात संविधान सभेची निवडणूक झाली. बोल्शेविकांना सुमारे चौथा हिस्सा मतं पडली, शेतकऱ्यांच्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाला त्याहून कितीतरी जास्त. सभा जानेवारी १९१८ मध्ये एक दिवस भरली, पहाटेपर्यंत चालली, आणि पहारेकरी दमले आहेत असं सांगून बंद करण्यात आली. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.

लालभाई_ठाणे

ठीक. पण पुढचं पण बोला. चर्चिलसारखा कट्टर शत्रू म्हणून गेला की स्टालिनला रशिया मिळाला तेव्हा हातात लाकडी नांगर होता, आणि सोडून गेला तेव्हा अणुभट्टी.

एक_तर्कटी

लालभाई, ते चर्चिलचं नाही. ते आयझॅक डॉइशर या चरित्रकाराचं, स्टालिनच्या मृत्यूनंतर लिहिलेलं. डॉइशर मार्क्सवादी, आणि स्टालिनचा विरोधक. शत्रूच्या तोंडी घातलं की कौतुकाचं वजन वाढतं, म्हणून वाक्य चर्चिलच्या नावावर चढवलं गेलं. गोदाकाठांची कसोटी इथे चोख लागते.

आणि लाकडी नांगराचं म्हणाल तर १९१३ चा रशिया जगातल्या पहिल्या पाच औद्योगिक देशांत मोजला जायचा. सैबेरियाच्या रेल्वेचं बांधकाम १८९१ ला सुरू झालं, बाकूचं तेल, दोनेत्सचा कोळसा, पुतिलोवचा पोलाद कारखाना, हे सगळं झारच्या काळातलं. खेडी मागास होती, हे मान्य.

लालभाई_ठाणे

नुसती मागास? १८९७ च्या जनगणनेत साक्षरता २१ टक्के! १९३९ पर्यंत ती ८० च्या वर गेली. हे कुठल्या चर्चिलने सांगायची गरज नाही.

एक_तर्कटी

बरोबर, आणि तो आकडा बऱ्यापैकी टिकतो. पण त्याआधी १९३७ मध्ये एक जनगणना झाली होती, ती का गुंडाळली ते पण सांगा. लोकसंख्या अपेक्षेपेक्षा कित्येक लाखांनी कमी भरली, कारण १९३२-३३ च्या दुष्काळात माणसं मेली होती. निकाल दडपले आणि जनगणना करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली, काहींना गोळ्या घातल्या. साक्षरतेचा आकडा ज्या खात्याने दिला, त्याच खात्यातली ही गोष्ट.

नलूमावशी

मुलांनो, जरा श्वास घ्या. मी राजघराण्याकडे वळते, तिथे थापा जास्त रंगीत आहेत.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन आणि घोड्याची गोष्ट इथे लिहवत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाई १७९६ च्या नोव्हेंबरात सदुसष्टाव्या वर्षी पक्षाघाताने गेली, राजवाड्यातच. घोड्याचा पत्ता नाही. बाईने चौतीस वर्षं राज्य केलं, तुर्कांना हरवलं, व्होल्तेरशी पत्रव्यवहार ठेवला, की तिच्याबद्दल असलंच काहीतरी निघणार, यात मला नवल वाटत नाही.

पण पोटेमकिनची खोटी गावं मला खरीच वाटायची. १७८७ मध्ये कॅथरीन दक्षिणेला नव्याने जिंकलेला मुलूख बघायला गेली, तेव्हा तिचा माजी प्रियकर पोटेमकिन याने नीपरच्या काठाने पुठ्ठ्याची गावं उभी केली म्हणे. ही कथा युरोपभर पसरवली गेओर्ग फोन हेल्बिग नावाच्या सॅक्सनीच्या वकिलातीतल्या माणसाने. तो त्या प्रवासात नव्हताच! जे होते, त्यातला प्रिन्स द लिन्य या गोष्टीची टर उडवतो. कुजबुज तर सेंट पीटर्सबर्गच्या दरबारात प्रवास सुरू होण्याआधीच चालू होती, पोटेमकिनच्या वाढत्या वजनामुळे जळणारे काय कमी होते? रोषणाई केली, घरांना रंग दिला, कमानी उभारल्या, हे झालंच. मंत्री येणार म्हटल्यावर आपल्याकडे रात्रीत डांबर पडतं, तसंच. पण खेर्सन शहर खरं होतं, सेव्हास्तोपोलच्या खाडीतली जहाजं खरी होती, आणि ऑस्ट्रियाचा सम्राट योझेफ दुसरा टोपणनावाने सोबत हिंडून ती बघत होता. त्याच वर्षी तुर्कांशी युद्ध जुंपलं आणि ती जहाजं लढली. पुठ्ठ्याची असती तर बुडाली असती.

रास्पुतिनला, म्हणजे शेवटच्या झारच्या घरात वजन असलेल्या त्या साधूला, विष दिलं, गोळ्या घातल्या, तरी तो मेला नाही आणि शेवटी बुडून मेला, ही कथा पण मारेकऱ्याचीच. प्रिन्स युसुपोवने परदेशात गेल्यावर आठवणी लिहिल्या. सैतान मारल्याचं श्रेय हवं तर आधी सैतान मरत नाही असं दाखवायला लागतं ना! शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना विष सापडलं नाही, मृत्यू गोळीने झाला असा त्यांचा निष्कर्ष.

अवांतर: हॉलिवूडने या प्रकरणावर चित्रपट काढला तेव्हा युसुपोवच्या बायकोने लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९३४ मध्ये जिंकला. 'या चित्रपटातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक असून' ही पाटी त्यानंतर सगळीकडे दिसू लागली. आपल्या मालिकांच्या आधी रोज येते ना, तीच.

चिंचगूळ

नलूमावशी, पाटीचं वाचून आईला सांगितलं, तिला रास्पुतिनच कोण ते समजावण्यात संध्याकाळ गेली.

माझ्याकडून एक. नासाने कोट्यवधी डॉलर खर्चून अंतराळात चालणारं पेन बनवलं आणि रशियनांनी पेन्सिल वापरली. आमच्या कंपनीत प्रत्येक इनोव्हेशन ट्रेनिंगला ही स्लाइड असते.

हिशेबनीस

स्लाइड फाडून टाका. सुरुवातीला पेन्सिली दोघेही वापरत होते. पेन्सिलीचं तुटलेलं टोक आणि ग्राफाइटची भुकटी वजनरहित यानात तरंगते, डोळ्यात जाते, विजेच्या वायरींत शिरते, आणि लाकूड पेट घेतं. १९६७ ला अपोलो यानात आग लागल्यावर पेटणाऱ्या वस्तूंची धास्ती वाढली. पेन बनवलं पॉल फिशर नावाच्या कारखानदाराने, स्वतःच्या पैशाने. नासाने चाचण्या करून ४०० पेनं घेतली, एकेकाची किंमत काही डॉलर. आणि १९६९ मध्ये सोव्हिएत संघाने त्याच फिशरकडून १०० पेनं आणि १००० रिफिली घेतल्या. म्हणजे 'साधे हुशार रशियन' अमेरिकन पेनच वापरत होते.

अष्टागरकर

सगळे मॉस्को आणि पीटर्सबर्गात फिरताय, मी तुम्हाला चौलला आणतो. शाळेत आम्हाला अभिमानाने सांगायचे की भारतात आलेला पहिला युरोपियन वास्को द गामा नसून रशियाचा अफानासी निकितिन, आणि तो आमच्या चौल बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे. दरवेळी कुणी रशियन पाहुणा आला की 'पाचशे वर्षांच्या मैत्रीचा पहिला दूत' असं भाषण होतं.

तर, दूतबित काही नाही. तो त्वेर शहराचा व्यापारी. त्वेर हे तेव्हा मॉस्कोचं प्रतिस्पर्धी संस्थान होतं, मॉस्कोने ते गिळलं १४८५ मध्ये. आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं, उधारीवर घेतलेला माल गेला, रिकाम्या हाताने परतलं तर सावकार उभे. म्हणून तो बाकू, इराण करत होर्मुझला आला. तिथे कळलं की बहामनी राज्यात घोड्याला सोन्याचा भाव आहे. त्याने एक घोडा घेतला आणि तवा नावाच्या जहाजाने गुजरातमार्गे १४७० च्या आसपास चौलला उतरला. एक घोडा! अख्ख्या मैत्रीचा पाया तो घोडा.

त्याची वही मात्र अफलातून आहे. चौलला उतरल्यावर लिहितो की लोक उघडे हिंडतात, डोकं झाकत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात, आणि मी जाईन तिथे गोऱ्या माणसाला बघायला गर्दी मागे येते. पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला. किल्ल्याबद्दल लिहितो की हा खडक कुणी बांधला नाही, देवानेच घडवलाय, आणि वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. पावसाळ्याला तो चक्क हिवाळा म्हणतो: चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. घोड्यांना हरभरे घालतात, आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही टिपलंय.

जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही जाईल आणि दंडही बसेल, मुदत चार दिवस. शेवटी एका खुरासानी ओळखीच्या माणसाने रदबदली केली तेव्हा सुटका झाली. बिदरला जाऊन घोडा विकला. आणि या 'दूता'चा व्यापाराबद्दलचा अभिप्राय काय? मला खोटं सांगून इकडे पाठवलं, आमच्या मुलखात विकण्याजोगं इथे काही नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकात भारी आणि समुद्रात चाचे. परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडे मेला, घरी पोचलाच नाही.

'पहिला' म्हणाल तर त्याच्या निदान पन्नास वर्षं आधी व्हेनिसचा निकोलो दे कोंती विजयनगर फिरून गेला होता. आणि लालभाई, तुमच्या ठाण्यात १३२१ मध्येच फ्रान्सिस्कन पंथाच्या चार साधूंना मारलं होतं आणि त्यांच्या अस्थी ओडोरिक नावाचा इटालियन घेऊन गेला.

गोदाकाठ

अष्टागरकर, हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे. 'पहिला' हे कुणी चालू केलं?

अष्टागरकर

निकोलाय करामझिन. झारच्या दरबारचा इतिहासकार. त्याला जुन्या बखरींच्या हस्तलिखितांत ही वही सापडली. नेपोलियनला हरवून रशिया नुकताच उभा राहिला होता, त्या दिवसांत त्याने लिहिलं की युरोपियनांच्या भारतातल्या सगळ्यात जुन्या वर्णनांपैकी एकाचा मान रशियाकडे जातो. त्याने निदान 'पैकी एक' म्हटलं होतं. सोव्हिएत काळात ते गळलं. १९५५ मध्ये त्वेरला, म्हणजे तेव्हाच्या कालिनिनला, व्होल्गाकाठी पुतळा झाला. त्याच वर्षी नेहरू तिकडे गेले आणि ख्रुश्चेव इकडे आला. दोन वर्षांनी नर्गिस आणि सोव्हिएत नट ओलेग स्त्रिझेनोव यांना घेऊन दोन्ही देशांनी मिळून चित्रपट केला. दोन्ही सरकारांना तेव्हा एक निकितिन हवाच होता.

एक_तर्कटी

तो शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिला का? त्या चार दिवसांनंतर?

अष्टागरकर

त्यावर अभ्यासकांत अजून भांडण आहे. पुस्तकं लुटीत गेल्यामुळे ईस्टर कधी येतो हे कळेनासं झालं, असं तो पुन्हा पुन्हा रडतो. मग मुसलमानांबरोबर रोजे धरतो. वहीचा शेवट अरबी-फारसी-तुर्की मिसळलेल्या प्रार्थनेने होतो, अल्लाहच्या नावांची मोठी माळ आहे. आणि मध्येच आपल्या देशबांधवांना सल्ला देतो: हिंदुस्थानात यायचं असेल तर धर्म रशियातच ठेवा, महंमदाचं नाव घ्या आणि मग निघा. मैत्रीच्या भाषणांत हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

लालभाई_ठाणे

चाळीस वर्षं ठाण्यात राहतो, ते चार साधू आजच कळले. अष्टागरकर, ओडोरिकवर धागा काढा. मी वाद घालणार नाही, नुसता वाचेन.

कट्ट्यावरचा

आणि माझा पानिपतचा?